छातीवरचे लाल अक्षर

गावाने एका स्त्रीला जन्मभर छातीवर पापाची खूण वागवायला लावली. त्या खुणेचा अर्थ मात्र गावाला आपल्या ताब्यात ठेवता आला नाही. नॅथॅनियल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. बेअब्रू, कबुली आणि उद्धार यांविषयी तिने विचारलेले प्रश्न आजही तितकेच बोचतात.

जून महिन्यातील सकाळ. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, वसून जेमतेम बारा वर्षे झालेले बोस्टन गाव. तुरुंगाच्या जाड, लोखंडी खिळे ठोकलेल्या दारासमोर गर्दी जमली आहे आणि त्या गर्दीत पुढे आहेत बायका. न्यायाधीशांनी फारच सौम्य शिक्षा दिली, अशी त्यांची तक्रार आहे. एकीला वाटते, तापलेल्या सळईने कपाळावर डाग द्यायला हवा होता. दुसरी म्हणते, हिला मरणाचीच शिक्षा हवी, धर्मग्रंथातही तसे सांगितले आहे. एकटीच एक तरुण बाई, आपल्या मुलाचा हात धरून उभी असलेली, हळूच म्हणते की खूण झाकली काय आणि दाखवली काय, तिची कळ तर काळजातच राहणार.

दार उघडते. उंच, देखणी, काळ्याभोर केसांची एक तरुणी तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन बाहेर येते. मुलीला छातीशी घट्ट धरावे, म्हणजे पोशाखावरची खूण झाकली जाईल, असे तिला क्षणभर वाटते. पण ती मुलगी तरी काय, त्याच लाजेची दुसरी खूण! ती बाळाला हातावर घेते, लालबुंद झालेल्या चेहऱ्याने पण ताठ मानेने गावाकडे पाहते. तिच्या छातीवर तांबड्या कापडाचे एक मोठे इंग्रजी ‘ए’ अक्षर आहे आणि त्याभोवती सोनेरी दोऱ्याची इतकी सुरेख वेलबुट्टी भरली आहे की बायकांच्या नजरा तिथेच खिळतात. शिक्षा म्हणून दिलेले अक्षर या बाईने दागिन्यासारखे सजवून घातले आहे!

ही हेस्टर प्रिन. वयस्क, विद्वान नवऱ्याने तिला युरोपातून पुढे पाठवले आणि आपण मागून येतो असे सांगितले. दोन वर्षे झाली, त्याचा पत्ता नाही. आणि हेस्टरला मूल झाले. मुलीचा बाप कोण, हे ती सांगत नाही. शिक्षा अशी की तीन तास चौथऱ्यावर साऱ्या गावासमोर उभे राहायचे आणि पुढे मरेपर्यंत ते अक्षर छातीवर वागवायचे. ज्या शब्दाचे ते आद्याक्षर, तो व्यभिचाराचा इंग्रजी शब्द संपूर्ण कादंबरीत एकदाही येत नाही, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. लेखकाने नुसते अक्षर ठेवले आणि शब्द भरण्याचे काम गावावर, वाचकांवर सोपवले.

ईश्वराचे गाव

हे गाव प्युरिटनांचे होते. इंग्लंडमधील चर्च पुरेसे शुद्ध नाही असे मानणारी ही मंडळी. राजा आणि बिशप यांच्या जाचाला कंटाळून ती समुद्रापार आली आणि १६३० साली त्यांनी बोस्टन वसवले. त्यांना जगाला आदर्श ठरेल असा ईश्वरनिष्ठ समाज उभारायचा होता. लिहिता-वाचता येण्याला त्यांच्यात मोठा मान होता. हार्वर्ड महाविद्यालय त्यांनी १६३६ सालीच स्थापन केले. पण धर्म आणि कायदा यांत त्यांनी फरक ठेवला नाही. पाप म्हणजेच गुन्हा, आणि गुन्ह्याची शिक्षा सर्वांच्या डोळ्यांदेखत. बाजारचौकात खोडा आणि चाबकाचा खांब असे. शेजाऱ्याच्या घरात काय चालले आहे यावर लक्ष ठेवणे हे तिथे धर्मकर्तव्य मानले जाई. आपल्याकडच्या वाचकाला ‘वाळीत टाकणे’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण वाळीत टाकलेल्या माणसाला निदान गावाच्या नजरेआड जाता येते. प्युरिटनांची शिक्षा याच्या उलट होती. तिथे लपायलाच बंदी होती.

हेस्टरची शिक्षा हॉथॉर्न यांनी हवेतून काढलेली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये व्यभिचाराला खरोखरच देहदंड होता आणि १६४४ साली मेरी लॅथम नावाची अवघी अठरा वर्षांची विवाहिता आणि जेम्स ब्रिटन या दोघांना त्याच गुन्ह्यासाठी बोस्टनमध्ये फाशी देण्यात आले. मेरीचा नवराही वयाने तिच्यापेक्षा फार मोठा होता. शेजारच्या प्लिमथ वसाहतीने १६५८ मध्ये अशा अपराध्यांच्या कपड्यावर दोन अक्षरे शिवण्याचा नियम केला. पुढे १६९४ मध्ये मॅसॅच्युसेट्सने देहदंड काढला, पण गळ्यात दोर अडकवून तासभर फाशीच्या चौथऱ्यावर बसवणे, चाळीसपर्यंत फटके आणि कायम दिसेल असे दोन इंच उंचीचे ‘ए’ हे अक्षर अशी शिक्षा ठरवली. अक्षराचा रंग कपड्याच्या रंगाहून वेगळा हवा, म्हणजे दुरूनही नजरेत भरेल, एवढी काळजी कायद्याने घेतली होती!

जुनी कागदपत्रे वाचण्याचा नाद असलेल्या हॉथॉर्न यांना हे ठाऊक होते. ही कादंबरी येण्याच्या दहा-बारा वर्षे आधीच त्यांच्या एका कथेत, असेच अक्षर सोनेरी दोऱ्याने भरून मिरवणारी एक देखणी बाई ओझरती येऊन गेली होती. मनात रुतलेली ती बाई पुन्हा बाहेर यायला निमित्त घडले ते लेखकाच्याच नामुष्कीचे.

लेखकावर आलेली वेळ

हॉथॉर्न यांचा जन्म ४ जुलै १८०४ रोजी सेलम या बंदरात झाला. वडील जहाजावर कप्तान. मुलगा लहान असताना ते परदेशात तापाने वारले. या घराण्याच्या माथ्यावर एक जुना डाग होता. मूळ पुरुष विल्यम हॅथॉर्न याने क्वेकर पंथाच्या एका स्त्रीला गावोगाव चाबकाने फोडण्याचा हुकूम दिला होता. त्याचा मुलगा जॉन हा १६९२ च्या कुप्रसिद्ध चेटकीण-खटल्यांतील एक न्यायाधीश. त्या प्रकरणात एकोणीस निरपराध माणसे फासावर गेली, त्यांत चौदा बायका होत्या. हा जॉन म्हणजे लेखकाचे खापरपणजोबा. तरुणपणी लेखकाने आपल्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवून घेतले. पूर्वजांपासून वेगळे दिसण्यासाठी ते केले असावे, असे अनेकांना वाटते. कादंबरीच्या प्रस्तावनेत तर त्यांनी या पूर्वजांची लाज उघडपणे आपल्या शिरावर घेतली आहे.

१८४६ मध्ये त्यांना सेलमच्या कस्टम हाउसमध्ये अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. एके काळी हिंदुस्थान आणि सुमात्रापर्यंत जहाजे पाठवणाऱ्या या बंदराला तेव्हा उतरती कळा लागली होती. काम थोडे आणि पगार घर चालण्याइतका होता. पण नेमणूक राजकीय होती. देशात दुसऱ्या पक्षाचे सरकार आले आणि जून १८४९ मध्ये हॉथॉर्न यांना काढून टाकण्यात आले. नुसते काढले असते तरी एक वेळ चालले असते. गावातल्या विरोधकांनी त्यांच्यावर पक्षपाताचे आरोप केले आणि ते प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. पंचेचाळिशीतला हा लाजाळू, एकांतप्रिय माणूस एकाएकी चव्हाट्यावर आला. पाठोपाठ जुलैअखेर त्यांच्या आई वारल्या. घरात दोन लहान मुले, हाती पैसा नाही.

घरच्यांनी सांगितलेली एक आठवण अशी, की नोकरी गेल्याचे कळल्यावर पत्नी सोफिया यांनी कुरकुर केली नाही. आता तुमचे पुस्तक लिहून होईल, असे म्हणून त्यांनी घरखर्चातून वाचवून ठेवलेले पैसे पुढे केले. मित्रांनीही वर्गणी काढून रक्कम पाठवली. ती स्वीकारताना हॉथॉर्न यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यात अपयशी ठरणे ही माणसाने लाज बाळगण्याचीच गोष्ट आहे, अशा अर्थाचे त्यांनी मित्राला लिहिले. चार वर्षांनी लिव्हरपूलला वकिलातीची नोकरी मिळताच त्यांनी ते पैसे व्याजासह परत केले.

या दिवसांत लिहिलेली कादंबरी फेब्रुवारी १८५० मध्ये पुरी झाली. शेवटची प्रकरणे पत्नीला वाचून दाखवली, तेव्हा तिला इतके भरून आले की डोके धरून ती झोपायला गेली. कादंबरी जमली, अशी हॉथॉर्न यांची खात्री पटली ती त्या डोकेदुखीने! मार्चमध्ये पुस्तक आले आणि अडीच हजार प्रतींची पहिली आवृत्ती दहा दिवसांत संपली. सेलमकर मात्र भडकले. प्रस्तावनेत कस्टम हाउसमधल्या सुस्त म्हाताऱ्यांची जी चित्रे लेखकाने काढली होती, ती त्यांना झोंबली. हॉथॉर्न यांनी दुसऱ्या आवृत्तीत त्यातला एक शब्दही बदलला नाही.

सुईच्या टोकावर संसार

आता पुन्हा हेस्टरकडे वळू. शिक्षेनंतर ती गाव सोडू शकत होती; तिला अडवणारे कोणी नव्हते. ती गेली नाही. समुद्रकाठच्या एका पडीक झोपडीत ती मुलीला, पर्लला, घेऊन राहिली आणि पोटापाण्यासाठी तिने सुई हाती धरली. त्या करड्या-काळ्या कपड्यांच्या गावातही मानमरातबाला भरजरी कपडे लागतच. गव्हर्नरसाहेबांची झालरदार कॉलर, सैनिकांचे पट्टे, पाद्रीबाबांच्या गळपट्ट्या, बाळांची टोपडी, मृतांची वस्त्रे असे सगळे काम हेस्टरकडे येऊ लागले. एकच वस्तू तिच्याकडे कधी आली नाही. ती म्हणजे नवरीच्या डोक्यावरचे पांढरे वस्त्र.

या एका तपशिलात हॉथॉर्न यांनी साऱ्या गावाचा स्वभाव दाखवला आहे. तिच्या हातची कला हवी, पण तिची सावली नको. ज्या सत्ताधाऱ्यांनी तिला चौथऱ्यावर चढवले, त्यांनी तिच्या हातचे भरतकाम अंगावर मिरवायला कमी केले नाही. तिने ज्यांना अन्नवस्त्र दिले ते गरीबसुद्धा तिलाच टाकून बोलत. पोरे मागे लागत. ती चर्चमध्ये गेली तर प्रवचनाचा विषय तीच व्हायची. अनोळखी माणसाची नजर छातीवर पडली की तिला अक्षर हाताने झाकावेसे वाटे. ओळखीच्यांच्या सरावलेल्या, थंड नजरेचा त्रास वेगळाच होता.

असे दिवसामागून दिवस गेले. कुठे आजारपण आले, साथ आली, तर बोलावण्याची वाट न पाहता हेस्टर उशाशी जाऊन बसे. दुःखाच्या घरात तिला आत घेतले जाई. घरात पुन्हा उजेड आला की ती उंबरठा ओलांडून निघून जाई. रस्त्यात कोणी आभार मानायला पुढे झाले, तर ती बोट अक्षरावर ठेवून पुढे चालू लागे. आणि मग हळूहळू एक विलक्षण गोष्ट घडली. लोक त्या अक्षराचा वेगळा अर्थ लावू लागले. ‘ए’ म्हणजे ‘एबल’, कर्तबगार बाई, असे ते म्हणू लागले. परगावच्या पाहुण्याला ते अभिमानाने सांगत, ती पाहा आमची हेस्टर!

सात वर्षांनी न्यायाधीशांच्या सभेत विषय निघाला की अक्षर काढायला परवानगी द्यावी का. ही बातमी हेस्टरच्या कानी आली तेव्हा तिने दिलेले उत्तर कादंबरीच्या गाभ्याशी जाते. ते काढणे न्यायाधीशांच्या हाती नाही, असे ती म्हणते. मी त्याच्या पलीकडे गेले असेन तर ते आपोआप गळून पडेल. ज्यांनी लाज शिवून दिली त्यांच्याकडून मोठेपण शिवून घ्यायला ती तयार नाही.

म्हणून ही सुधारलेल्या पापिणीची गोड गोष्ट आहे असे मात्र कोणी समजू नये. हॉथॉर्न यांनी या सात वर्षांची किंमतही मांडली आहे. हेस्टरचे सौंदर्य वाळून गेले आहे, दाट केस टोपीखाली दडले आहेत, बोलण्यातली ऊब गेली आहे. एकटेपणात तिचे विचार इतके मोकाट सुटतात की पुरुषांनी रचलेली सारी समाजव्यवस्थाच मोडून नव्याने बांधावी, असे तिला वाटू लागते. आणि कधी कधी मुलीला संपवून आपणही जावे, हा विचारही डोकावतो. बाहेरून संत वाटणाऱ्या या बाईच्या मनात काय चालले आहे, याची गावाला कल्पनाही नव्हती. अक्षराने आपले काम केले नव्हते, असे लेखक स्पष्टच म्हणतो.

नाव न घेतलेला माणूस

मुलीचा बाप कोण, हे वाचकाला लवकरच कळते. तो गावाचा लाडका तरुण धर्मगुरू आर्थर डिम्सडेल. पहिल्याच दिवशी, चौथऱ्यावर उभ्या हेस्टरला, अपराध्याचे नाव सांग, असा जाहीर उपदेश करण्याची पाळी त्याच्यावरच येते. तो सांगतो, ती ऐकते, आणि गप्प राहते. त्या गप्प राहण्याने त्याची अब्रू वाचते आणि तिथूनच त्याची अधोगती सुरू होते.

कारण हेस्टरची लाज उन्हात होती. सगळ्यांनी पाहिलेली, मोजलेली, बोलून बोलून झिजलेली. डिम्सडेलची लाज अंधारात वाढते. तो उपास करतो, रात्री स्वतःला फटके मारतो, छातीवर हात दाबून चालतो. प्रवचनात तो आपण सर्वांत नीच पापी आहोत असे सांगतो, पण कशाबद्दल ते सांगत नाही. भोळी मंडळी म्हणतात, केवढी ही नम्रता! असा साधुपुरुष जर स्वतःला पापी म्हणतो, तर आमची काय गत? आणि ती त्याला अधिकच मानू लागतात. आपण अर्धसत्य सांगून लोकांना फसवत आहोत हे त्याला पुरते माहीत आहे. हॉथॉर्न यांच्या लेखणीची धार इथे सर्वांत तीव्र लागते.

त्यात घरात शिरला आहे वैद्य. रॉजर चिलिंगवर्थ या नावाने गावात आलेला हा म्हातारा म्हणजेच हेस्टरचा बेपत्ता नवरा. त्याने तिच्याकडून आपली ओळख न सांगण्याचे वचन घेतले आहे आणि आता तो धर्मगुरूचा मित्र व वैद्य बनून त्याच्या काळजातले गुपित उकरत बसला आहे. औषध देणाराच विष कालवतो आहे. तिघांत खरा हरलेला कोण, तर हा. मूळचा विद्वान, शांत माणूस सूडापायी सैतान बनतो, आणि सूडाचा विषय संपताच वर्षभरात वाळून मरतो.

एका रात्री डिम्सडेल चोरून त्याच चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो. कोणी पाहणारे नाही. गव्हर्नर विन्थ्रॉप यांच्या मृत्युशय्येवरून परतणारी हेस्टर आणि छोटी पर्ल तिथून जात असतात. तो त्यांना वर बोलावतो. तिघे हात धरून उभे राहतात. पर्ल विचारते, उद्या दुपारी आमच्याबरोबर असाच उभा राहशील का? तो म्हणतो, उद्या नाही, न्यायाच्या शेवटच्या दिवशी. सात वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसाची सारी भित्री पुण्याई एका प्रश्नात उघडी पाडली! ही पर्ल रेखाटताना हॉथॉर्न यांच्या डोळ्यांसमोर त्यांची स्वतःची थोरली मुलगी उना होती. तिच्या लहरी आणि तिचे चमत्कारिक प्रश्न ते वहीत टिपून ठेवत.

जंगलातील एक तास

पुढे हेस्टर जंगलाच्या वाटेवर डिम्सडेलला गाठते आणि वैद्याचे खरे रूप सांगते. दोघे ठरवतात, जहाज धरून युरोपला निघून जायचे. हेस्टर छातीवरचे अक्षर काढून भिरकावते, टोपी काढते, केस मोकळे होतात, आणि इतका वेळ झाडीत अडलेले ऊन एकदम खाली उतरते. सात वर्षांनंतर ती पुन्हा तरुण दिसते. वाचकाला वाटते, सुटली एकदाची!

पण ओढ्यापलीकडे पर्ल उभी आहे आणि ती आईकडे यायला तयार नाही. तिने आईला अक्षराशिवाय कधी पाहिलेलेच नाही. ती बोट दाखवते, पाय आपटते, किंचाळते. शेवटी हेस्टरला ते उचलून पुन्हा लावावे लागते, केस पुन्हा टोपीत कोंबावे लागतात, आणि चेहऱ्यावरचे ऊन विझते. मुलीच्या हट्टाचा हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. भूतकाळ झटकून टाकायचा म्हटले तर तो आपल्या लेकराच्या रूपाने समोर उभा राहतो. त्याला ओढ्यात कसे फेकणार?

हॉलिवूडला हे पचले नाही. १९९५ मध्ये डेमी मूर आणि गॅरी ओल्डमन यांना घेऊन निघालेल्या चित्रपटात हेस्टर आणि डिम्सडेल मुलीसह दूरच्या मुलखात सुखाने निघून जातात. समीक्षकांनी त्याची यथेच्छ धुलाई केली आणि ते योग्यच झाले. कादंबरीचा कणाच काढून टाकल्यावर उरले ते नुसते प्रेमप्रकरण. त्यापेक्षा लिलियन गिशचा १९२६ चा मूकपट कितीतरी प्रामाणिक आहे.

उशिरा आलेली कबुली

डिम्सडेल पळत नाही. नव्या गव्हर्नरच्या निवडीचा उत्सव, गावात मिरवणूक, आणि त्याने दिलेले प्रवचन आजवरचे सर्वोत्तम. कीर्तीच्या त्या शिखरावरून तो थेट चौथऱ्याकडे वळतो, हेस्टर आणि पर्लला जवळ बोलावतो आणि भर दुपारी, सर्वांसमोर आपले पाप सांगतो. छातीवरचा कपडा बाजूला सारतो आणि तिथेच कोसळून प्राण सोडतो. पर्ल त्याचे चुंबन घेते आणि रडते.

अनेक वाचकांना हा विजय वाटतो. पण थोडे थांबून हिशोब करावा. हेस्टरने सात वर्षे जे सोसले, ते त्याने काही मिनिटे सोसले. गावाच्या नजरा, पोरांचे दगड, चर्चमधील टोमणे यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आले नाही, कारण कबुली देताच मरणाने त्याला उचलले. आणि गाव तरी काय म्हणाले? छातीवर खूण आम्ही पाहिली, असे पुष्कळांनी सांगितले. पण काही प्रतिष्ठितांनी शपथेवर सांगितले की खूण नव्हतीच, त्याने पाप केलेच नव्हते. पापी बाईच्या हातांत मरून त्याने आपल्याला नम्रतेचा धडा दिला! मोठ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केला, तरी त्याला दोषी मानायला लोक तयार नाहीत. हेस्टरच्या बाबतीत अशी शंका कोणालाही आली नव्हती.

जिवंतपणी कबुली देऊन पुढे त्याच गावात जगणारा माणूस त्या समाजाच्या खऱ्या इतिहासात सापडतो. सेलमच्या चेटकीण-खटल्यांतले एक न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल हे जानेवारी १६९७ मध्ये बोस्टनच्या चर्चमध्ये सर्वांसमोर उभे राहिले. त्यांनी लिहून दिलेला कबुलीजबाब धर्मगुरूंनी मोठ्याने वाचला. दोष आणि लाज आपण पत्करतो, असे त्यात होते. त्यानंतर ते तेहेतीस वर्षे जगले. त्यांचेच सहकारी जॉन हॅथॉर्न, म्हणजे आपल्या लेखकाचे खापरपणजोबा, यांनी अशी कबुली दिल्याची नोंद नाही. आणि ज्यांच्यावर खोटा डाग बसला, त्यांचा डाग पुसायला किती काळ जावा? त्या खटल्यांत दोषी ठरवलेल्या एलिझाबेथ जॉन्सन यांचे नाव निर्दोषांच्या यादीत यायचे राहून गेले होते. मॅसॅच्युसेट्समधील आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षिकेसह पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०२२ साली ते आले. मधे ३२९ वर्षे गेली होती.

परत आलेली हेस्टर

चिलिंगवर्थने आपली मालमत्ता पर्लच्या नावे ठेवली. मायलेकी समुद्रापार निघून गेल्या. हेस्टरला आता कुठेही राहता आले असते, साध्या कपड्यांत, कोणाच्याही नजरेत न येता. पुष्कळ वर्षांनी, एका दुपारी, एक उंच बाई समुद्रकाठच्या त्या बंद झोपडीच्या दाराशी आली. उंबऱ्यावर थबकली आणि आत गेली. छातीवर तेच अक्षर होते. या वेळी ते कोणी लावलेले नव्हते. ते लावा म्हणायला कोणत्याही न्यायाधीशाची छाती झाली नसती.

ती का परतली? हा प्रश्न आजच्या वाचकाला अडतो. गावाने मोडलेली बाई शेवटी गावालाच शरण गेली, असे काहींना वाटते. पण कादंबरीत पुढे जे येते ते पाहिले तर तसे म्हणवत नाही. त्या झोपडीत आता बायका येऊ लागल्या. फसवल्या गेलेल्या, नको असलेल्या, चुकलेल्या, मनातले कुठे बोलायची सोय नसलेल्या. त्या विचारत, आम्ही अशा दुःखी का? यावर इलाज काय? हेस्टर त्यांचे ऐकून घेई, सुचेल तो सल्ला देई. पुढे कधीतरी चांगले दिवस येतील, स्त्री-पुरुषांचे नाते अधिक भक्कम पायावर उभे राहील, असा आपला विश्वास ती त्यांना सांगे. ते दिवस आपण आणू, असे एके काळी तिला वाटले होते. आता ते काम आपल्या हातून होणारे नाही, हेही तिने ओळखले होते. तिच्याकडे येणाऱ्यांत त्या पहिल्या सकाळी तुरुंगासमोर उभ्या असलेल्या बायकांच्या लेकीही असतील का? हॉथॉर्न काही सांगत नाहीत.

अधूनमधून परदेशातून उंची वस्तू येत आणि एकदा हेस्टर एका तान्ह्या बाळाचे अंगडे भरताना दिसली. त्यावर इतके झगझगीत सोनेरी काम होते की त्या करड्या गावात ते घातले असते तर ओरड झाली असती. पर्ल कुठेतरी सुखात नांदत होती, एवढाच त्याचा अर्थ.

हेस्टर गेली तेव्हा तिला एका जुन्या, खचलेल्या थडग्याजवळ पुरले. जवळ, पण मधे अंतर ठेवून. या दोघांच्या मातीलाही एकत्र मिसळण्याचा हक्क नाही, असे जणू त्यातून सांगायचे होते. दगड मात्र दोघांना मिळून एकच. त्यावर नाव नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तेवढे एक लाल अक्षर आहे.

हॉथॉर्न यांच्या कबरीलाही असाच काहीसा योग आला. १८६४ मध्ये ते वारले आणि मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्डच्या दफनभूमीत त्यांना पुरले. त्यांच्या मागे सोफिया मुलांना घेऊन युरोपला गेल्या आणि १८७१ मध्ये लंडनमध्ये वारल्या. पर्लचे मूळ असलेली उनाही १८७७ मध्ये गेली आणि लंडनलाच आईशेजारी पुरली गेली. मधे अटलांटिक महासागर. जून २००६ मध्ये दोघींचे अवशेष कॉन्कर्डला आणले आणि त्यांच्या शेजारी ठेवले.